तुझ्या खाटेवरचा दगड

विंडवर्ड, कॅरिअकू
मार्चअखेरचा रविवार

प्रिय थिओ,

पाकिटावरचा पत्ता पाहून तो मला कुठून मिळाला, असं तुला वाटलं असेल. वाटू दे. त्याचा खुलासा मी शेवटी करणार आहे, आणि तू मधली पानं सोडून थेट शेवटावर उडी मारशील हेही मला ठाऊक आहे. तर तुला आईची शपथ आहे, ओळीनं वाच. फोन केला की तुझं नेटवर्क जातं. कागदाला तेवढी सोय नाही.

घरात सध्या मी आणि आई अशा दोघी राहतो. आई म्हणजे तिचा दगड. तो तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर निजला आहे. अंगावर पांढरी चादर, डोक्याशी तुझीच ती चपटी झालेली उशी. बेरिल वादळानं घराचं बाकी सगळं छप्पर नेलं, माझ्या खोलीवर अजून निळी ताडपत्री फडफडते. धड छप्पर राहिलं ते तुझ्याच खोलीवर. नशीब बघ, इथे राहते मी आणि छप्पर टिकलं तुझं. कबरीचा दगड एक रात्र घरात निजवायचा आणि सकाळी उचलून न्यायचा, ही आपली रीत. हा आता तिसरा आठवडा मुक्काम ठोकून आहे. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण भट्टीपाशी थांबून विचारतो, "काय व्हर्लीन, आई उठली का गं?" मी हसते. पण त्या खोलीवरून जाताना मी अजून पाय न वाजवता जाते, तिची झोप मोडेल म्हणून, आणि मग मलाच माझा राग येतो.

हे सगळं सुरू झालं नाताळानंतर. आई स्वप्नात यायला लागली. आधी कधीमधी, मग एक दिवसाआड. येते, खाटेच्या कडेवर बसते, झग्याचा ओला काठ पिळते आणि विचारते, "थिओ जेवला का?" बस्स, एवढंच. तिच्या शेवटच्या आजारपणात तिला घास भरवले मी, तिची अंथरुणं धुतली मी, आणि मेल्यावर येऊन चौकशी करते ती तुझी! एकदा मी स्वप्नातच वैतागून म्हटलं, "आई, मीपण उपाशीच आहे गं." तर म्हणते कशी, "तू कशाला उपाशी राहशील? तुझ्या दारात भट्टी आहे." शेंडेफळाचे लाड मेल्यावरही संपत नाहीत, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पीठ मळायला घेते आणि मळतच राहते, पाव दगडासारखे होतात, गिऱ्हाईकं कुरकुरतात.

शेवटी टांटी क्लेमीकडे गेले. आईची सख्खी बहीण, आणि स्वप्नांच्या बाबतीत अख्ख्या विंडवर्डमध्ये तिचाच शब्द शेवटचा. तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "जेवणाचं निमित्त आहे गं. तिला दगड हवाय. सहा वर्षं उघड्यावर टाकलंय तुम्ही तिला." खोटं नव्हतं ते. आई गेली तेव्हा तू आला नाहीस. फोनवर हुंदके देत म्हणालास, "माझ्याशिवाय दगड बसवू नका, उशाची बाजू मी धरणार." मुलाचाच मान तो, म्हणून आम्ही थांबलो. दरवर्षी कोरडा हंगाम लागला, शेळ्या मोकाट सुटल्या की मी विचारायची, यंदा येतोस का. तू म्हणायचास, साहेब सुटी देत नाही. कुठला रे हा साहेब? सहा वर्षांत एकदाही विरघळला नाही? त्याला मी इतक्या शिव्या घातल्या आहेत की तो अजून जिवंत कसा याचंच नवल वाटायचं. यंदा मात्र ठरवलं. तू ये न ये, आईला पुरलं त्या टिमथी बेटावर दगड जाणार आणि आईला स्वस्थता मिळणार. आणि तिच्यामागून मलाही.

दगड सुरेख झाला आहे. नाव, गाव, खाली छोटासा मासा. आदल्या रात्री तो तुझ्या खाटेवर निजवला, त्याच्यावर रम आणि पाणी शिंपडलं, आईचं ताट मांडलं. वाटाणे, मक्याच्या पिठाचे गोळे, कोंबडी, सगळं अळणी, मेलेल्यांना चालतं तसं. अंगणात ढोल वाजले. सगळे पोटभर नाचले. मी एका जागी बसू शकत नव्हते. उगाच चुलीकडे जा, दाराकडे जा, चादर सारखी कर. टांटी क्लेमी ओरडली, "अगं बस की जरा, भिंगरी! दगड तुझा नाही, तुझ्या आईचा आहे."

सकाळी निघालो ते नेहेमायाकाकांच्या 'मिस ओडेल'मधून. हो, ती अजून तरंगते आणि काका अजून तिला शिडावरच चालवतात. यंत्राचा आवाज झाला की मासे आणि मेलेले दोन्ही दूर पळतात म्हणे. दगड डोलकाठीच्या बुडाशी चादरीत गुंडाळून बांधला. काकांचे दोघे मुलगे शिडाच्या दोरांवर, टांटी मासळीच्या खोक्यावर टोपी धरून, मी दगडाशेजारी. वारा असा की शीड ताठ फुगलेलं आणि डावीकडची कड पाण्याला चाटत चाललेली. काका सुकाणूवरून म्हणाले, "तुझी आई जिवंतपणी कधी होडीत गप्प बसली नाही. आज बघ, कशी शहाण्यासारखी बसलीय." टांटी कसली ऐकते! "मेल्यावर सगळेच शहाणे होतात रे. तूपण होशील." तेवढ्यापुरती मीही हसले. मग मुख्य प्रवाहात शिरलो, लाटा आडव्या यायला लागल्या, आणि मी चादरीवर हात ठेवून बसले. लहानपणी तुला धरायची तशी.

तुला आठवतं, टिमथी लांबून कसं दिसायचं? बेट नव्हेच ते, समुद्रानं विसरून ठेवलेली वाळूची पोळी. आधी माड दिसायचे, मग खडकावरचा फेस, आणि पार जवळ गेल्यावर जमीन. मी माड शोधत होते. काही दिसेना. काका उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिले.  बऱ्याच वेळानं एक माड दिसला. एकच. भर समुद्रात उभा असल्यासारखा.

वादळानं टिमथी अर्धं खाल्लं आहे, थिओ. दक्षिणेची पुळण गेली, समुद्रद्राक्षांची झुडपं गेली, आजीच्या घराच्या पायाचा एक कोपरा तेवढा वाळूतून वर आला आहे. आणि कबरी नाहीत. कडेनं रोवलेले ते मोठे शंख सगळ्या किनाऱ्यावर विखुरलेत, कुणाचा कुठला काही कळत नाही. मी म्हणाले इथे होती, टांटी म्हणाली तिथे होती, काका म्हणाले दोघी चुकताय. मी गुडघ्यांवर बसून हातांनी उकरायला लागले. हातभर खाली पाणी लागलं. दुसरीकडे उकरलं, तिथेही पाणी. नखं तुटली तरी मी उकरतच होते, शेवटी काकांच्या थोरल्यानं मला बगलेत धरून उठवलं. आईला आम्ही तिथे ठेवलं होतं आणि आई तिथे नव्हती. मोठ्यानं रडले मी. एवढी तर मी तिला पुरताना रडले नव्हते.

नेहेमायाकाका म्हणाले, "बसव कुठंही. आईच आहे ती, दगड शोधत येईल." टांटी कडाडली, "आणि दुसऱ्या कुणाच्या छातीवर बसला तर? मेलेल्यांत भांडणं लावायची आहेत का तुला?" मग तीपण वाळूत मटकन बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मी त्या दिवशी पाहिलं. जरा वेळानं तिनं हनुवटीनंच त्या माडाकडे खूण केली. "ते झाड कुणाचं?"

कुणाचं ते तुला सांगायला नको. तू जन्मलास त्या दिवशी आई टिमथीवर शंखांचं मांस वाळवायला गेली होती, सोबत टांटी आणि सात वर्षांची मी. समुद्र खवळला, होडी सुटेना, आणि तू दोन आठवडे आधीच हजर. आयुष्यात तेवढं एकदाच तू वेळेआधी आलास. टांटीनं मासे कापायची सुरी रमनं धुतली आणि नाळ कापली. आईनं ती स्वतःच्या हातानं पुरली, वर कोंब आलेला नारळ लावला, आणि खड्डा उकरला मी. पुढे दर ईस्टरला तू त्या झाडाचा मालक म्हणून मिरवलास. "माझा माड, माझे नारळ." एक शहाळं देण्यासाठी मला तुला खांद्यावर घेऊन अख्ख्या बेटाची फेरी मारायला लावायचास. बाकीचे सगळे माड वादळानं उपटले, आणि तुझा उभा आहे. थोडा वाकलाय, शेंडा विरळ झालाय, पण उभा आहे.

टांटी म्हणाली, "माझी बहीण कुठं गेली, देव जाणे. पण तिच्या पोटचं काहीतरी या मातीत अजून आहे, आणि ते त्या झाडाखाली आहे. आई लेकरापाशीच येणार. दगड तिथं बसेल." मला हायसं वाटलं. मुलांनी दगड उचललासुद्धा. तर ही आडवी आली. "थांबा. ज्याची नाळ, त्याचं झाड. त्याला विचारल्याशिवाय तिथं कुदळ मारायची नाही." मी हातापाया पडले. म्हटलं, टांटी, तो तिकडे इंग्लंडात, हडर्सफील्डला आहे, हो म्हणेल, मी कळवते. ती ढिम्म. "आधी हो म्हणू दे."

तर आम्ही दगड परत आणला. विंडवर्डच्या इतिहासात हे कुणी केलं नव्हतं. धक्क्यावर सगळं गाव जेवणाची भांडी चढवून उभं, आणि आम्ही गेलो तसेच चादरीतला दगड घेऊन परत.  मग लोकांनी भात वाढून घेतला, कुणीतरी आईचं नाव घेत म्हणालं, "एथ्लिनला नेहेमायाची होडी आवडली, फिरून आली," आणि हशा पिकला. मी दगड पुन्हा तुझ्या खाटेवर निजवला.

त्या संध्याकाळी तुला फोन लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, नाहीच. मग मी कधी करत नाही ते केलं, तुझ्या घरच्या फोनवर लावला. बेव्हर्लीनं उचलला. तुमच्या लग्नात केकवरून आमचं वाजलं तेव्हापासून आमच्यात नाताळच्या कार्डापलीकडे संबंध नाही, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, थिओला दे, माडाबद्दल विचारायचंय.  ती म्हणाली, "व्हर्लीन, तो इथं राहत नाही. दोन हिवाळे झाले. तुला सांगितलं नाही त्यानं?"

मग सगळं सांगितलं तिनं. आई गेली त्याच सुमाराला तुझी बस चालवायची नोकरी गेली, मग तुझं बोलणं गेलं, मग एक दिवस तू बॅग भरून गेलास. म्हणजे साहेब नव्हताच. लाँड्रीवरची ती खोली, जिचा पत्ता या पाकिटावर आहे, तिला चूलसुद्धा नाही म्हणे. बाजारात दिसला होतास तिला, कोट अंगावर लोंबत होता. ती रडत होती, थिओ. तिला मी आजवर जे जे म्हटलं ते सगळं मागे घेते. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "तो जेवत नाही गं." आणि मी तिथेच भट्टीपाशी जमिनीवर बसले. टांटी क्लेमी आयुष्यात पहिल्यांदा चुकली होती. आईला दगड नकोच होता. ती नेमकं तेच विचारत होती जे विचारत होती, आणि मी मूर्ख, तुझा हेवा करत होते.

तू का येत नाहीस ते मला आता कळलं. इंग्लंडला गेलेला माणूस सूट घालून, मागे दोन पिंपं भरून सामान घेऊन धक्क्यावर उतरतो, आणि तुझ्याकडे काही नाही. अरे, इथे अर्ध्या गावाच्या डोक्यावर ताडपत्री आहे, कोण कुणाला हसणार? तिकिटाचं मी आणि बेव्हर्लीनं मिळून पाहिलं आहे, ती येऊन तुझ्या हातात देईल. तिच्यावर ओरडू नकोस. माडाखाली कुदळ मारायची परवानगी मला पत्रानं नको, तोंडानं हवी. तुझं ताट मी रोज वाढून झाकून ठेवते, मीठ घातलेलं, जिवंत माणसाचं. आई परवा पुन्हा आली होती, मी तिला सांगितलं, बोलावलंय त्याला. तेव्हा ये, थिओ. रिकाम्या हातांनी ये. दगडाची उशाची बाजू धरायला रिकामेच हात लागतात.

तुझी वाट बघणारी, तुझीच
व्हर्लीन