शून्य फोरिंटचा परतावा

सेगेद, २७ मे

तीर्थस्वरूप हर्मिनाताईस,

धाकट्या वेंडेलचा उंबऱ्याबाहेरूनच वाकून नमस्कार. (आत ये म्हणालीस की आत येऊन करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी सकाळी घेतेस की आठवेल तेव्हा? लंगडी कोंबडी अंडी देते का अजून? इकडे माझं सगळं ठीक आहे, म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी जेवढं ठीक असायला हवं तेवढं. हे पत्र रजिस्टरने पाठवलंय. कारण साध्या डाकेने पाठवलेली दोन पत्रं तू चुलीत घातलीस हे मला ठाऊक आहे, आणि फोन तर तिसऱ्या घंटीला कापतेस. पोस्टमनने तुझी सही घेतली म्हणजे पत्र हातात पडलंय. सही केलेलं पत्र न वाचता जाळायला तू काही एवढी उधळी नाहीस.

आता मुद्द्यावर येतो. चौदा फेब्रुवारीला देझोदाजींच्या अंत्यविधीला मी आलो नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि सख्खा भाऊ फिरकला नाही, हे तुझ्या मनाला किती लागलं असेल ते मी जाणतो. पण तुमच्या होमोकरेव गावची बोरिश्का मुळ्याच्या जुड्या विकायला इथल्या बाजारात येते, तिने मला सांगितलं की तू दफनभूमीत सगळ्या गावासमोर म्हणालीस, "वेंडेल जन्मालाच दोन आठवडे उशिरा आला, तो आता काय वेळेवर येणार!" ताई, हे मात्र मला झोंबलं. मिरचीच्या गिरणीत चाळीस वर्षं मी वजनकाट्यावर बसलो. एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तेव्हाच ठरवलं की ताईला पुरावा दाखवायचा. आणि पुरावा तोही सरकारी, शिक्का मारलेला.

कारण त्या दिवशी ट्रॉलीबस खरोखर उशिरा आली. सात अडतीसची ट्रॉली आठ वाजून नऊ मिनिटांनी आली, म्हणजे एकतीस मिनिटं उशीर. मी काळा कोट घालून, एवढा मोठा पुष्पहार दोन्ही हातांत धरून, वाऱ्यात उभा होतो. (हारातली देवदाराची काडी सारखी नाकात जात होती, आणि हात मोकळा नसल्यामुळे मी शिंकत होतो. लोकांना वाटलं, बिचारा रडतोय.) बसस्थानकावर पोचलो, आणि तुमच्या गावाची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची दुपारी एकला. तोवर दाजींवर माती पडलेली असणार. आता थांब्यावरच पाटी आहे की ट्रॉलीला वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाने अर्ज करावा, तिकिटाचे पैसे परत मिळतील, आणि उशीर किती झाला ते लेखी कळवण्यात येईल. ते 'लेखी' वाचलं आणि मी दुसऱ्याच दिवशी वाहतूक कार्यालयात हजर झालो.

चार नंबरच्या खिडकीत एतेल्काबाई बसतात. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. म्हणाल्या, तिकीट दाखवा. मी म्हटलं, माझं वय पासष्टच्या वर, आम्हाला प्रवास फुकट. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत घातला.

"अहो काका, मग परत काय देऊ तुम्हाला?"

"काय भरलं तेवढंच द्या."

"तुम्ही भरलंत शून्य!"

"मग शून्य द्या. पण लिहून द्या."

त्यांनी खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती म्हणून, असं त्या नंतर म्हणाल्या. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

मी काही असा हटणारा गडी नाही. अर्ज भरला. त्यात तिकीट क्रमांकाचा रकाना होता, तिथे मी लिहिलं 'वय ७१'. अर्ज परत. मग तिथे ओळखपत्राचा क्रमांक लिहिला. संगणकाने तो नाकारला, कारण तिकिटांच्या क्रमांकात अक्षर नसतं. मग मी एक खरं तिकीट विकत घेतलं आणि अर्जाला चिकटवलं. एतेल्काबाईंनी ते बोटाने उचकटून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काका, हे मार्चमधलं आहे. लबाडी तुम्हाला शोभत नाही, आणि जमतही नाही." त्यावर वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी नवीनच फाटा फोडला. तिकीट नसेल तर त्या वेळी थांब्यावर हजर असलेला एक साक्षीदार आणावा.

मग काय, रोज सकाळी साडेसातपासून मी थांब्यावर उभा. येईल त्याला विचारायचं, चौदा फेब्रुवारीला तुम्ही इथे होतात का? (या सबंध काळात ट्रॉली एकदाही उशिरा आली नाही. जणू कोणी तिच्या कानात सांगून ठेवलं होतं.) एकाने मला पोलीस समजून दुसरीकडे तोंड फिरवलं. एका विधवा बाईंना तोच प्रश्न विचारला, तर त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "प्रेमिकांच्या दिवसाबद्दल आत्ता मे महिन्यात विचारताय? अहो, जरा आधी तरी विचारायचं!" त्यांची समजूत काढण्यात माझी दोन केकची दुकानं आणि एक रविवार गेला. पण त्या खरोखरच त्या दिवशी थांब्यावर होत्या, हारवाला शिंकणारा म्हातारा त्यांना पक्का आठवत होता, आणि त्यांनी सही दिली. थोडी रागातच दिली, पण दिली.

खिडकीवर मी एकूण सतरा वेळा गेलो. सातव्या वेळेपासून एतेल्काबाई मला बघून खुर्ची बाहेर द्यायला लागल्या. अकराव्या वेळी त्यांनी घरी भाजलेले खारे पोगाचे पाव आणले (मीठ कमी होतं, मी बोललो नाही). एकदा त्यांनी विचारलंच की शून्यासाठी एवढा आटापिटा कशाला. मी तुझ्याबद्दल सांगितलं. त्या उठल्या आणि साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात माझी फाईल सगळ्यात वर ठेवून आल्या.

आणि ताई, मिळाला! सोबत मूळ प्रत जोडली आहे, हात धुऊन उघड. त्यात स्वच्छ लिहिलंय: उशीर एकतीस मिनिटं, अर्ज मंजूर, परताव्याची रक्कम शून्य फोरिंट, तीस दिवसांत खात्यावर जमा होईल. खाली सही, गोल शिक्का. बँकेत जाऊन मी शून्य जमा झालं का ते विचारून आलो. तिथल्या पोराने मला पाणी दिलं आणि बसवलं. ते असो. आता तूच सांग, माझा काय दोष? हा कागद बोरिश्काला दाखव, धर्मगुरूंना दाखव, वाटलं तर दुकानाच्या दारावर चिकटव. वेंडेल उशिरा आला नाही, ट्रॉली उशिरा आली.

तब्येतीला जप. विहिरीचं झाकण बदलून घे, आता सांगायला दाजी नाहीत.

तुझा निर्दोष भाऊ,
वेंडेल

ता. क. एतेल्काबाईंनी तुला नमस्कार सांगितलाय. ओळख नसली तरी सांगा म्हणाल्या.

ता. क. २ कागद उलटून पाहू नकोस असं लिहिणार होतो, पण तू मुद्दाम पाहशील. मागे बारीक अक्षरात ट्रॉली बसस्थानकावर पोचल्याची वेळ आहे, आठ एकोणतीस. तुमच्या गावाची बस आठ चाळीसला सुटते. हे पहिल्यांदा एतेल्काबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "काका, हाताशी अकरा मिनिटं होती की. मग?" मी टोपी उचलली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, हवं तर मागची बाजू कोरी ठेवते. मी नको म्हटलं.

ता. क. ३ बस उभी होती, ताई. दार उघडं होतं. मी समोरच्या बाकावर हार मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरने हाक मारली, "आजोबा, येताय ना?" मी नाही अशी मान हलवली, आणि बस माझ्या डोळ्यांदेखत गेली, हे मी वर लिहिलंय ते खोटं नाही. जानेवारीत दाजींनी मला फोन केला होता. हे तुला माहीत नसावं. म्हणाले, "वेंडेल, एकदा येऊन जा, पत्ते खेळू." मी म्हटलं, थंडी फार आहे, ऊन पडलं की येतो. ते म्हणाले, बरं. त्यांनी मला फक्त बरं म्हटलं, ताई. त्या 'बरं'नंतर शवपेटीसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, ते मला त्या बाकावर सुचेना. अजूनही सुचलेलं नाही. तीन महिने ट्रॉलीच्या मागे लागलो, कारण ट्रॉलीशी भांडता येतं.

ता. क. ४ येत्या शनिवारी मी परत त्या बाकावर असेन, आठ एकोणतीसपासून. बस तीच, आठ चाळीसची. मला एकट्याला चढवत नाही, हे एकदा बघून झालंय. तेव्हा आठ पस्तीसला मला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, राग सोडू नकोस, हालहवाल विचारू नकोस. फक्त "चढ" म्हण आणि ठेव.