खाऱ्या पाण्याचा खड्डा

८ एप्रिल
पोचले एकदाची! खानापूरहून बसने जोयडा, तिथून जीपने नंदिगड्डे, आणि शेवटचा चढ ट्रंक डोक्यावर घेऊन. इथे वीज नाही, रेंज नाही, पण सोलरच्या बारा पाट्या आहेत आणि पत्र्याच्या शेडमध्ये माझं नवंकोरं मशीन. वाडीच्या बोअरला खारं पाणी लागलंय. मशीन त्यातलं निम्मं गोडं करतं. उरलेलं आणखीच खारट होतं, ते रानाच्या कडेच्या खड्ड्यात सोडायचं. आणि ऑपरेटर कोण? तर ही शिल्पा! आयटीआयला पोरं हसायची, या म्हणावं आता बघायला.

११ एप्रिल
पहिली घागर शेजारच्या रुक्माक्कांनी नेली. पिऊन म्हणाल्या, "ग्वाड हाय की गं!" मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. मग खड्डा बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. इथली माणसं रानात शिरण्याआधी ओहोळावर घाम धुतात, भाकरीसुद्धा अळणी नेतात. रानाला मिठाची चव लागू द्यायची नाही म्हणे. "बुजीव त्यो खड्डा. येकदा चव लागली की सुटत न्हाई, बाई." मी म्हटलं, मीठ कुणाला आवडत नाही, अक्का? त्यांचा मुलगा परशू हसला. त्या नाही हसल्या.

१५ एप्रिल
खड्ड्यात मिठाची पांढरी खपली धरलीय. भर दुपारी तिथे गवे, भेकरं, डुकरं, एक अस्वल, सगळी शेजारी शेजारी चाटत होती. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. मी फोटो काढले. एका गव्याची जीभ सोलून रक्त गळत होतं, तरी तो चाटतच होता.

१८ एप्रिल
रुक्माक्कांची गाय खड्ड्याजवळ सापडली. जिवंत. पाठीवर कातडंच नव्हतं, चाटून चाटून बरगड्या उघड्या पडलेल्या, आणि तीन भेकरं अजून चाटत होती. भेकरं! पाला खाणारी! परशूने कोयत्याने गाईला त्या यातनांतून सोडवलं. अक्का पाठ फिरवून घरी गेल्या. चुकलं माझं. उद्या खड्डा बुजवते.

१९ एप्रिल
बुजवला. परशू आणि मी, सकाळपासून फावडी मारत होतो. घामाने चिंब झालो आणि धुवायचं कुणालाच सुचलं नाही. मग ती सगळी जनावरं आली. माती हुंगली. आणि मान वर करून आमच्याकडे बघितलं.
मी आधी शेडमध्ये शिरले. परशू दारापर्यंत आला होता. मी दार — मीच दार लावलं. देवा. आधी तो आईला हाका मारत होता. मग नुसताच ओरडत होता. संपायला त्याला गाईपेक्षा जास्त वेळ लागला.

२० एप्रिल
बाहेरून पत्रा चाटतायत. खरखर, खरखर, चारी बाजूंनी. गव्यांनी पाट्या तुडवल्या, मशीन बंद. टाकीत दोन बादल्या गोडं पाणी होतं. अंग धुतलं की आवाज थांबतो. पण पत्रा तापतो, घाम येतो, की पुन्हा —

दुपार
पाणी संपलं. दाराखालून जीभ आली. पायाचा अंगठा हाडापर्यंत — रक्तही खारटच. रडायचं नाही. डोळ्यांतलंही —

अक्का आल्या! अंग ओलंचिंब, जनावरं त्यांना वाट देतायत. हातात झाकलेली कळशी. मला धुवायला पाणी आणलंय! मी माफी मागितली. खिडकीच्या गजांतून कळशी माझ्या डोक्यावर पालथी —
आग, अंगठ्याची आग — ओठांवर — अक्का, हे पाणी खारं —