पत्र्याचं शेड

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

आज क्लासमध्ये अमेरिकेत वसायला गेलेल्या लोकांचा धडा घेतला. आधी झोपड्या, मग पक्की घरं, असं सांगितलं. मुखेडची एक मुलगी म्हणाली, "सर, पक्कं घर झाल्यावरबी कुणी झोपडीतच झोपलं का?" पुस्तकात तसं नाही, म्हणालो. पण ते टोचून राहिलंय.

भूकंपानंतर मिळालेल्या घरात आईनं ज्वारी ठेवलीय. स्वतः मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. आत्ता फोन केला.

"स्लॅबखाली डोळा लागत न्हाई. तू ये, तुझी बाज शेडमंदीच टाकलीय."

आता इतकी वर्षं झाली की, म्हणून हसलो. फोन ठेवला आणि दाराकडं बघितलं. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. तरी पळायला उशीर नको म्हणून झोपताना आतून कडी लावत नाही.