मागे राहणारीच्या नावे

मी, यमुना शांतवन उजागरे, वय अठ्ठ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, मूळ राहणार नेवासे, जिल्हा अहिल्यानगर, हल्ली मुक्काम चंदीगड, कोणाच्या धाकाने नव्हे, तर डॉक्टरांनी छातीत पाणी झालंय म्हटल्यावरून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. लिहिते आहे ती वरच्या मजल्यावरची भाडेकरू नयना. "आजी, हे कलमात बसत नाही," असं ती मधूनमधून म्हणते. तिला बसवायला सांगितलं आहे.

कलम १. हे हौसिंग बोर्डाचं घर माझ्या यजमानांनी घेतलेलं. ते सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत भिंगं घासायचे. त्यांच्यामागे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते नात अक्षरा हिला द्यावं. मुलगा चंद्रकांत याला देऊ नये. कारण पुढे सांगते.

चंदू काही वर्षांपासून मोहालीच्या एका प्रार्थनासभेला जातो. बैठकीच्या भिंतीवर त्याने सात युगांचा तक्ता लावला आहे. देवाने काळाचे सात भाग केले. दर भागात माणसाची परीक्षा, माणूस नापास, मग शिक्षा. आपण सहाव्यात, कृपेच्या युगात. ते संपताना खरे विश्वासी एका क्षणात वर उचलले जातील आणि मागे राहतील त्यांच्यावर महासंकट. बायबल शब्दाला शब्द घ्यायचं, आणि इस्राएलाला दिलेलं वचन इस्राएलाचंच, मंडळीचं, म्हणजे आपल्या ख्रिस्ती लोकांचं, नव्हे. मी नेवाशाच्या आमच्या ख्रिस्ती देवळापासून इथवर जन्मभर ती वचनं आपलीच समजून रडले. दुसऱ्याच्या पत्रावर रडत होते म्हणायची, तेही वाचता येत नसताना.

तक्त्याशी माझं भांडण नाही. असं मानणारी भली माणसं पुष्कळ आहेत. पण अक्षराने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि चंदू तिला जेवताना सांगतो, तू मागे राहशील, बेटा. प्रेमाने सांगतो. तेच वाईट.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बीजी त्यांच्या न्हाणीत पडल्या. मी, चंदू आणि सून संध्या, होतो तसे धावलो. तेवढ्यात अक्षरा सेक्टर चौतीसच्या क्लासहून आली. दार उघडं, कुकर शिट्ट्या देतोय, बापाचा चष्मा ताटाशेजारी, फोन केले तर ते घरातच वाजतायत. आम्ही परतलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हाका मारून मारून आवाज गेलेला. तिने माझा हात चाचपून पाहिला आणि म्हणाली, "आप लोग गए नहीं?"

चंदूच्या तोंडावर मला समाधान दिसलं. "आई, भीती हीच सुरुवात असते," म्हणाला.

तेव्हापासून पोरगी जिन्यातूनच हाक मारते, आजी, आहेस ना? मी ओ देते. न्हाणीतून देते, तोंडात घास असताना देते. हल्ली ती क्लासला जातच नाही. माझ्या खोलीच्या दाराशी पुस्तक घेऊन बसते. पान उलटत नाही.

कलम २. माझे सोन्याचे मणी संध्याला. तिने तो तक्ता उतरवायची हिंमत केली तर आनंदाने, नाही केली तरी तिलाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. मी मेले की घाईने झाकू नये. पेटी उघडी ठेवावी, बर्फ लागेल तेवढा आणावा. अक्षराने मला बघावं, हात लावावा. गार लागेन, लागू द्यावं. आजी मेली, तिला टाकून कुठे गेली नाही, हे तिच्या हाताला कळलं पाहिजे. ती म्हणेल तेव्हाच झाकण लावावं.

कलम ४. चंद्रकांतला मी एकच देऊन जाते. माझ्यामागे अक्षराने हाक मारली की ओ त्याने द्यायची.

हे कलम त्याला बोलावून वाचून दाखवलं. आधी तो हसला. मृत्युपत्र कशाला, त्याआधी आपण वर असू, म्हणाला. मी म्हटलं, मग वरून सही कर.

"आई, मी ओ दिली तर तिची भीती जाईल," तो म्हणाला. "मग महासंकटातून ती वाचणार कशी?"

कलम त्याने नाकारलं आहे. तसंच नोंदवावं.

वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो माझ्याच तोंडचा आहे म्हणून साक्षीदारांसमोर अंगठा केला.

यमुना शांतवन उजागरे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. नयना बाबुराव शेलार, लिहिणार
२. हरभजन कौर, शेजारी

चंदीगड, दिनांक २१ नोव्हेंबर २०२५