घराणं क्रमांक एक्केचाळीस

९ जानेवारी १९९६, मंगळवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या वेळी डॉ. यशोधन (वय बत्तीस, अमेरिकेत चार वर्षं, शर्ट कायम बाहेर) यांनी माझे चौदा फॉर्म सगळ्यांसमोर परत केले. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने ‘अशक्य’. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉन्व्हेंटमध्येच चौतीस वर्षं गणित शिकवलं. लाल पेन्सिल मी चालवते, माझ्यावर चालत नाही.

उज्जैनच्या मराठी घराण्यांत डायबिटीस पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, त्याचं गणित हे लोक मांडतात. मी रिसर्च असिस्टंट. वंशावळ भरायची, माणसांना रक्त द्यायला पाठवायचं. कॉम्प्युटर म्हणतो, चौदा घरांत आईबापांचं आणि मुलाचं रक्त जुळतच नाही. कॉम्प्युटर चालवते ऋचा. एम.एस्सी., आणि पाढे सोळापर्यंत.

१० जानेवारी.
डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण दत्तक आलंय ते विचारलंत का? नाही विचारलं. लोकांचा चहा पिऊन असले प्रश्न विचारत नाहीत. शिवाय राम घाटावर ज्याने बापाचा पिंड दिला तो मुलगा, विषय संपला. त्यावर ऋचा म्हणे, “मॅडम, पिंड देने से ब्लड ग्रुप थोड़ी बदलता है!” हसले. पाच जण. नावं टिपली आहेत.

महिनाअखेर चूक सापडली नाही तर पेपरवर माझं नाव नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाव येणारच. मी शाळेत सिस्टरना कळवूनही बसले आहे.

११ जानेवारी.
चूक लॅबची. सिद्ध करायचा मार्ग सापडला: घराणं क्रमांक एक्केचाळीस, म्हणजे माझं. आम्ही दरबारी फडणीस. आमच्यात दत्तक नाही, भानगड नाही. वेडा एकच, तोही लग्नाने आलेला. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, ग्रुप एबी. रेल्वेतल्या रक्तदानाचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. अक्का, माझी थोरली बहीण, ग्वाल्हेरला असते, तिचा बी. माझं रक्त आज दिलं. एबी बापाच्या मुलाला ए, बी किंवा एबी येईल, ओ कदापि नाही. लॅबने ओ दिला की लॅब खोटी. ऋचाला फळ्यावर समजावलं. तिने उतरवून घेतलं. अगदीच वाया गेलेली नाही.

१५ जानेवारी.
ओ.
म्हटलं नव्हतं? लॅब बेकार! विजय पूर्ण. आश्चर्य एकच, ऋचा हसली नाही. रिपोर्ट हातात देऊन म्हणाली, मॅडम, बैठिए ना. मग तिळगूळ दिला. चुकीवर साखर पेरतात.

१६ जानेवारी.
टावर चौकातल्या खाजगी लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. ओ. तिथला माणूस कचोरी खाऊन तसाच सुई धरायला येत होता. हात धुवायला लावले. रिझल्टची लायकी कळलीच.

१८ जानेवारी.
डॉक्टरांच्या कपाटातलं पुस्तक वाचलं. अपवाद असतात. लाखात एखादा. मी लाखात एक आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं; आता विज्ञानालाही कळेल.

१९ जानेवारी.
फ्रीगंजच्या एसटीडी बूथवरून अक्काला फोन. सरळ प्रश्न: माझा ब्लड ग्रुप लहानपणी कोणी तपासला होता का? लाइन खराब. मग म्हणे, “जयू, कशाला गं आता? सुमनमावशीला जाऊनही अकरा वर्षं झाली.” मी रक्ताचं विचारते, ही मावशीचं सांगते. वय झालं. वर म्हणे, आईने शपथ घातली होती. कसली, ते सांगेना. नुसतं नाक ओढत होती. मीटर पळत होतं. मी ठेवून दिला.

मावशी दर दिवाळीला यायची. मला न्हाऊ घालायची, फक्त मला. अक्काला नाही. अक्का मोठी होती म्हणून.

२२ जानेवारी, सोमवार.
डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. शर्ट आज खोचलेला. म्हणाले, मॅडम, तुमचं नाव पेपरवर राहील. चौदा घरी मी स्वतः जाऊन विचारीन. एक्केचाळीस नंबरचा फॉर्म आपण काढून टाकू, कुणाला कळणार नाही.
म्हणजे जिंकले. मी त्यांना सांगितलं, फॉर्म काढायचा नाही. माझं घराणं काढून टाकणारे हे कोण?
तिथे बसून रकाना भरायला घेतला. ‘आई’पाशी पेन चालेना. स्वदेशी पेनं अशीच.

२३ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.
लॅबविरुद्धची तक्रार चार पानं झाली होती. उत्तम इंग्रजी. फाडली. त्याऐवजी अक्काला रजिस्टर पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते:

“सौ. अक्कास, सप्रेम नमस्कार. सुमनमावशी माझी कोण, एवढंच कळवावं. एक शब्द पुरे. उत्तर लेखीच हवं, फोनवर तुझा आवाज नीट येत नाही. बुधवार, ३१ जानेवारी, दुपारच्या टपालापर्यंत पोचलं पाहिजे. सबब चालणार नाही. पाकिटावर माझं नाव पूर्ण घालावं, मधे आप्पांचं.”