निळी ताडपत्री

सोलापूर, एप्रिल. रविवार संध्याकाळ.

ती निळी ताडपत्री काही डोळ्यांपुढून हटत नाही.

भाची मधुरा दुपारी लॅपटॉप घेऊन दाजींबरोबर जेवायला आली. पहिल्या नोकरीतलं पहिलं काम: उजनी धरणाचं पाणी किती मागे सरलं, ते दर पंधरवड्याला ड्रोनने फोटो काढून मोजायचं. अहवाल उद्या साहेबांपुढे. निष्कर्ष असा, की दोन महिन्यांत पाण्याची कड हललेलीच नाही. तेही उन्हाळ्यात. मी आपला "फोटो सुबक आलेत" म्हणालो. न कळणाऱ्याने सुबक म्हणावं, सहसा खपून जातं.

दाजींनी हातातला घास खाली ठेवला. "मोजलंस कुटनं?"

"काठावरच्या आपल्या पाण्याच्या मोटरीपासून. तिच्यावरची निळी ताडपत्री वरून स्पष्ट दिसते."

"अगं पोरी, पाणी मागं गेलं की मोटर त्याच्या मागं न्यावी लागती की. ती काय देवळाचा कळस हाय?"

मधुरा हसली नाही. उष्ट्या हाताने साहेबांना फोन लावला, चूक स्वतःच सांगितली, दोन दिवस मागून घेतले. मग बापाला विचारलं, "आता कुठून मोजू?"

"बांधावरच्या बाभळीपासनं. ती कुटं जात न्हाय."

बाभूळ प्रत्येक फोटोत होती.

निघताना म्हणाली, "मामा, तुला तरी कळायला हवं होतं." मी शहरातला माणूस, मला काय कळतंय, म्हणून सुटलो. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. होळीला दाजींकडे गेलो होतो तेव्हा मोटर पुढे ओढायला मीही हात लावला होता. ताडपत्री तर मीच बांधली.