जान्हवीची पाठ केलेली कहाणी

सुबोध,
वाचत नाही म्हणून काल पोरीला मारलंस, शोभलं नाही तुला. आज शुक्रवारची कहाणी वाचायला बसवली तिला. मुद्दाम दोन पानं एकदम उलटली, तरी जान्हवी अडखळली नाही. सगळी ऐकून पाठ केलेली! अक्षरंच लागत नाहीत रे तिला. तू न पाहिलेला तुझा सदामामा असाच होता. माझ्या आबांनी बडवला, तो घरातून गेला तो गेलाच. माझी आई मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची. अजून दार वाजलं की मला तोच वाटतो.

तिच्या शाळेतल्या बाई सांगत होत्या त्या वाचनाच्या तपासणीला, तू नाक मुरडलंस तरी, पोरीला घेऊन पार्ल्याला जातेय. भात कुकरमध्ये आहे.

पुन्हा हात उगारलास तर तुझं ताट मी वाढणार नाही.
– आई